उरलेलं बोर्डो

यंदाही चैत्र सरता सरता बाग ताणावर सोडली. आमच्या सौंसरकडे संत्र्याच्या झाडांचं पाणी उन्हाळ्यात मुद्दाम तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाडं मलूल होतात, पानं आतल्या आत वळतात, मातीला भेगा पडतात आणि बागवाला रोज बांधावर जाऊन पाहतो की झाड किती थकलं. पुरतं थकलं तरच ते मृगाच्या पाण्यावर फुलतं. लग्न होऊन पांढुर्ण्याहून या घरात आले तेव्हा मला हे फार निर्दयपणाचं वाटलं होतं. विहिरीत पाणी असताना झाडाला कोरडं ठेवायचं म्हणजे काय! आता काही वाटत नाही. या दिवसांत मीही त्या झाडांच्याच ओळीत उभी असते. उन्हं चढायच्या आत स्वयंपाक उरकते आणि मग दिवसभर पाठ टेकायला गार भिंत शोधत फिरते.

परवा आमचे हे बागेतून आले तेव्हा त्यांच्या नखांत निळं अडकलेलं होतं. "बोर्डो कालवलं," म्हणाले आणि हात पुढे करून उभे राहिले. मी पाणी घातलं. निळं पाणी न्हाणीच्या फरशीवरून वाहत गेलं, आणि ऐंशी सालानंतरचा तो एक उन्हाळा माझ्यासमोर येऊन बसला, आम्ही अंगणात मोटर उघडली होती तो. बसला तो अजून उठलेला नाही. म्हणून हे लिहीत बसले आहे.

आमच्या घरी गाडीला कोणी गाडी म्हणत नसे. मोटरच म्हणायचं. मामाजींची मोटर. मामाजी म्हणजे माझे सासरे. मँगनीजच्या खाणीवरचा कोणी साहेब देश सोडून जाताना ती त्यांना विकून गेला होता. बोनेटवरच्या नावातली निम्मी अक्षरं गळून पडलेली, त्यामुळे तिची जात कोणती हे मला कधी कळलं नाही. बाजूला पाय ठेवून चढायचं पायदान, मडगार्डांवर मोठाले दिवे, आणि मूळ रंग कोणता होता यावर घरात दोन मतं. आत बसलं की संत्र्याच्या सालीचा, पोत्याचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास यायचा. तो वास साडीला लागला की दोन धुण्यांत जात नसे.

शनिवारी मोटर जामसावलीच्या मारोतीला जायची. वाटेत जो भेटेल तो आत. रामाकोन्याच्या बाजारातून येताना मागच्या सीटवर कलमांच्या टोपल्या आणि टोपल्यांच्या मधे मी, असं माझं नव्या नवरीचं मिरवणं झालं. तेव्हा मी कोमेजलेलीच असायची. मामाजी समोरून म्हणायचे, "कलमाची जागा बदलली का पयल्या साली मरगयतेच, सुनबाई. दुसऱ्या साली पाय फुटते." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. दुसऱ्या साली मलाही खरंच पाय फुटले, म्हणजे मुळं धरली.

जगात जे जे आहे ते सगळं झाड आहे, असं त्या माणसाचं मत होतं. माणसाला ताप आला तर मुळाशी पाणी साचलं म्हणायचे. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण मोटरवर जीव होता, आणि जीव लावायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. ती म्हणजे बोर्डो.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला डिंक्या लागतो. बुंध्यातून डिंक गळतो, साल सडते आणि हां हां म्हणता भरलं झाड वाळून जातं. त्यावर उपाय म्हणून मोरचूद आणि चुना कालवून त्याचा आकाशी रंगाचा लेप बुंध्याला लावतात. पावसाच्या आधी एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा. मग सगळी बाग निळे मोजे घालून शाळेत निघाल्यासारखी दिसते. बोर्डो लोखंडाच्या बादलीत कालवत नाहीत, मातीच्या गाडग्यात नाहीतर लाकडी पिपात कालवतात. आणि झालं की त्यात विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडला, अजून घाला. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

तर झाडांना लावून उरलेलं बोर्डो दरवर्षी मोटरला लागायचं. बागेत पाण्याचा खोल दांड होता, त्यावर मोटर उभी करायची आणि मामाजींनी दांडात उताणं पडून खालून कुंचा फिरवायचा. कपाळावर, मिशांवर निळे थेंब. कोणी विचारलं तर उत्तर तयार असे. "बुंधाच हाय ना हा मोटरीचा. झाडाच्या बुंध्याले लागते, तं याले काहून नाही लागनार?" आणि हसणाऱ्याला वर ऐकवायचे, "खानीवरच्या बाकीच्या मोटरी कवाच्या भंगारात गेल्या. माही चालूनच राहिली."

आमचे हे सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. चूक दिसली की अंगावर पित्त उठायचं त्यांच्या. भाजीत मीठ कमी असलं तर कमी आहे म्हणायचे, बरोबर असलं तर गप्प जेवायचे. गप्प जेवले की मी समजायची, आज जमलं. बापलेकांचं बोलणं माझ्यातून व्हायचं. "त्याले म्हना, बैलाले पेंड संपली." "बाबांना सांग, आणली आहे." दोघं एकाच ओसरीत, आणि मधे मी डाकघर.

त्या वर्षी मृगाच्या बहराचा माल फेब्रुवारीत निघून गेला आणि मोटरचं दार लागेना. आधी एक, मग दुसरं. जोरात आपटलं तरी चार बोटं फट राहायची. मामाजींनी चऱ्हाटानं दारं बांधली आणि चालवत राहिले. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एके शनिवारी त्यांनी मोटर बोरगावच्या वाटेवर एका बैलबंडीच्या चाकाला नेऊन टेकवली. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवशी किल्ली ह्यांच्याकडे आली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, दिवाळीनंतर नागपूरला आणा. मामाजींनी अट घातली, आणि तीही माझ्यातूनच: "त्याले सांगा, नागपूरले जाईन तं माह्या मोटरनं जाईन. नाही तं डोये राहू द्या असेच."

हट्टाचा माणूस बोलला की बोलला. ह्यांनी पांढुर्ण्याहून शालिक मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री मोटरभोवती एक फेरी मारून आले, दार दोनदा आपटलं, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, खालची चासी वाकून राहिली. वरची बाडी पूरी उचलल्याबिगर काहीच समजनार नाही."

बाडी उचलणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. बंडीचा साटा, म्हणजे वरची चौकट, चाकांवरून उचलतात तसंच, पण साट्याला असतात दोन खुंट्या आणि मोटरला असतात जागोजाग बोल्ट, सगळे गंजून एकजीव झालेले. होळीनंतर कामाला हात लागला. बोल्टांना रोज घासलेट पाजायचं, दुसऱ्या दिवशी पाना लावायचा, फिरला नाही तर परत पाजायचं. सीटा निघाल्या, त्या माझ्या माजघरात आल्या. काचा निघाल्या, त्या गाद्यांच्या मधे गेल्या. स्टिअरिंगचं चाक देव्हाऱ्याशेजारी खुंटीला लटकलं, आणि शेजारची एक म्हातारी त्याला नमस्कार करून गेली. घासलेटाचा वास पोळीलाही येऊ लागला. मी दिवसभर आवरायची आणि संध्याकाळी घर सकाळपेक्षा जास्त पसरलेलं असायचं. 'नाकापेक्षा मोती जड' असं मी एकदा स्वतःशीच पुटपुटले, तर मामाजी बाजेवरून म्हणाले, "ऐकू येते मले, सुनबाई. डोये गेले, कान नाही."

उचलायचा दिवस ठरला तेव्हा झाडांचं पाणी नुकतंच तोडलं होतं. बागेतली माणसं मोकळी होती. आमचे सालदार सुखदेवकाका चार-सहा गडी घेऊन आले, शेजारचेही आले. खिडक्यांतून आरपार बल्ल्या घातल्या. मामाजींची खुर्ची कडुनिंबाखाली मांडली होती. त्यांना आकार दिसायचे, बारकावा दिसायचा नाही, म्हणून ते प्रत्येकाला आवाजावरून ओळखून हुकूम सोडत होते.

"जामसावलीच्या मारोतीचं नाव घ्या आन उचला!"

सुखदेवकाका बल्लीखाली खांदा देऊन हसले. "मालक, आपला मारोती तं सोताच निजेल हाय. त्याच्या नावानं काय उचलाव?" आमच्या जामसावलीचा मारोती खरंच आडवा पहुडलेला आहे. सगळे हसले आणि त्या हसण्यातच जोर लागला. मोटर कण्हल्यासारखी वाजली. आधी एक बाजू सुटली, मग दुसरी, आणि इतकी वर्षं एक असलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत दोन झाली. मधून पलीकडचा गोठा दिसला. "खालून ओढा, ओढा!" मिस्त्री ओरडले, आणि दोघांनी चाकांवरची चासी मागे ओढली.

ती पूर्ण बाहेर आली आणि मधोमध खाली बसली. काही मोठा आवाज झाला नाही. म्हातारं जनावर बसतं तशी, आधी किंचित आणि मग सगळीच. बाडीनंच आजवर तिला धरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी हातोडीनं नुसतं टोकरलं तर लोखंडाचे पापुद्रे गळून पडले, वाळल्या पापडासारखे. आणि प्रत्येक पापुद्र्याला आतून निळं अस्तर होतं. थरावर थर. सालोसालचं.

हे खाली बसले. एक तुकडा उचलून दोन बोटांत चुरला. बोटं निळी-तांबडी झाली. हा माणूस दरवर्षी वर्गात मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा सोडून पोरांना दाखवायचा की बघा, खिळा तांबडा झाला, बघा, लोखंड विरघळून चाललं. घरी येऊन मलाही एकदा दाखवलं होतं. आणि बाप उरलेलं बोर्डो मोटरला लावतो हे लहानपणापासून पाहत आला होता. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण शाळा शाळेच्या जागी आणि बाप बापाच्या जागी. त्यांची कधी गाठच पडली नव्हती. ती त्या दिवशी अंगणात पडली. सुखदेवकाकांनाही दिसलं. "हे तं बोर्..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

सगळे गप्प झाले. आंधळ्या माणसाला गप्पपणा फार मोठ्यानं ऐकू येतो. निंबाखालून मामाजींनी विचारलं, "कशी हाय रे चासी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते थेट मुलाशी बोलले होते. मधे मी नव्हते. मी दारात ताकाची चरवी घेऊन उभी होते आणि माझ्या मनात एकच आलं, की आता हा माणूस खरं सांगणार. ह्याला दुसरं येतच नाही. बापानं आयुष्यभर जिला जपलं तिला त्याच्याच हातानं खाल्लं, हे तो भर माणसांत, विज्ञानाच्या भाषेत समजावून सांगणार. आणि त्यानंतर मामाजी दिवाळीची वाट पाहणार नाहीत. डोळे कशासाठी उघडायचे, म्हणणार.

हे उभे राहिले. धोतराला... नाही, पॅन्टच होती, पॅन्टला हात पुसले आणि म्हणाले, "चांगली हाय बाबा."

मामाजींनी मान डोलावली. मग काठी जमिनीवर आपटली. "मंग! बोर्डो लावलं ना सालोसाल." आणि माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "सुनबाई, मान्साईले ताक दे. उनाचे आले बिचारे."

बाडी चार पिंपांवर ठेवली गेली आणि तो उन्हाळा खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. खरं एकदा सांगून मोकळं होता येतं. खोट्याला रोज दाणापाणी घालावं लागतं. आणि घालणारी मी. पुरुष कामात असत, मामाजी बाजेवर, आणि प्रश्न माझ्या वाट्याला. बाग ताणावर होती म्हणून विहिरीवरच्या पंपाची वीज रिकामी होती, ती ओढून मिस्त्रींनी वेल्डिंगची मशीन लावली. जुनं लोखंड कापून काढायचं आणि नवं जोडायचं.

"काय करून राहिले हे लोक?"

"पायदान जोडून राहिले, मामाजी."

"पायदान काल जोडलं ना?"

"ते डावीकडचं होतं."

"आन आवाज एवढा कायचा?"

"लोखंडच ते, मामाजी. आवाज तं होनारच."

मला खोटं बोलायचा कंटाळा येत नव्हता, दमायला होत होतं. काल काय सांगितलं ते आठवून आज काय सांगायचं ते ठरवायचं. उन्हानं भिंती तापलेल्या, दुपारी वारा पडलेला, अंगणात बिनचाकाची बाडी भुतासारखी उभी. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मी तिच्या टपावर कुरड्या आणि सरगुंडे वाळत घालायला लागले, कारण बकऱ्या तिथवर पोचत नव्हत्या आणि पत्रा असा तापायचा की दुपारपर्यंत कुरडई खणखणीत. त्या वर्षीच्या कुरड्यांना मोटरीचा वास होता, असं हे अजून म्हणतात. कुरड्या चांगल्या झाल्या होत्या असं मात्र म्हणत नाहीत.

एकदा सकाळीच भंगारवाला दारात आला. कापलेलं सडकं लोखंड ह्यांनी पोत्यात बांधून गोठ्यामागे लपवलं होतं, ते मी घाईघाईनं त्याच्यापुढे टाकलं. त्यानं पोतं उपडं केलं आणि अंगणभर खणखणाट झाला. "अरे बाई, ये तो पूरा सड गया! कायचं हाय?" तो मोठ्यानं विचारू लागला. बाजेवरून लगेच प्रश्न आला, "काय नेऊन राहिला तो?" मी म्हणाले, "जुने डबे, मामाजी." भंगारवाला माझ्याकडे पाहत राहिला, त्यानं हातातला चांगला हातभर लांबीचा निळा तुकडा पाहिला, आणि काय समजायचं ते समजून गप्प पोत्यात भरला. त्या दिवशी मी भिंतीला टेकून रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. मोटर माझी नव्हती, चासी माझी नव्हती. दोन पुरुष एकमेकांना जपत होते की फसवत होते, हे मला कळेनासं झालं होतं आणि मधलं ओझं माझ्या पाठीवर होतं.

ह्यांना तर मी ओळखेनाशी झाले. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. दिवसभर मिस्त्रींच्या हाताखाली लोखंड धरायचं, ठिणग्यांनी हात पोळलेले, आणि जेवायला बसले की मामाजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आज नुसती सफाई केली. जुनं काम लई मजबूत हाय." मी पानात वाढताना त्यांच्याकडे पाहायची. ते वर बघत नसत. करायला गेलो गणपती आणि झाला मारोती, अशी त्यांची गत झाली होती. मोटर दुरुस्त करायला घेतली आणि तिच्यात सत्य मोडलं.

जेठाचं ऊन भाजत होतं तेव्हाची एक दुपार. नवी चासी उभी राहिली होती, तिला तांबडा रंग मारून सुकायला ठेवली होती. घरात सगळे आडवे झालेले. मी पाण्याला उठले तर मामाजी काठी टेकत अंगणात चाललेले दिसले. चासीपाशी ते हळूच उकिडवे बसले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात पुढून मागे फिरवला. मधे एका ठिकाणी हात थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली. त्यांच्या हाताला काय कळलं आणि काय नाही, ते मला दारातून दिसत नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठले, बाजेवर येऊन बसले, आणि माझी चाहूल लागली तशी म्हणाले, "सुनबाई, पानी दे."

पाणी पिऊन झाल्यावर तांब्या परत देताना त्यांनी विचारलं, "तो जेवला काय?"

मुलगा जेवला का, हे त्यांनी मला त्याआधी कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, हो. ते आडवे झाले.

मग मृग तोंडावर आला. बागेत बोर्डो कालवलं गेलं, बुंधे निळे झाले. आता काही दिवसांत बाडी चासीवर परत बसवायची होती. दिवस मावळायच्या आत सुखदेवकाका अंगणात आले आणि दारातच घुटमळले. त्यांच्या हातात उरलेल्या बोर्डोचं गाडगं होतं. दरवर्षी आणायचे म्हणून पाय आपोआप इकडे वळले होते, आणि आल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं. ते परत फिरणार एवढ्यात मामाजींनी चपलांच्या आवाजावरून ओळखलं.

"सुखदेव काय? बोर्डो उरलं असन."

मिस्त्री अवजारं गोळा करत होते, ते तसेच थांबले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. लावू नका म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की उन्हाळाभराचं सगळं वाया. हे पुढे झाले, काकांच्या हातातून गाडगं घेतलं आणि म्हणाले, "उरलं हाय बाबा. लावतो मी."

ते चासीपाशी बसले. कुंचा बुडवला. पोरांना खिळा दाखवणाऱ्या त्या हातानं नव्या कोऱ्या लोखंडावर मोरचुदाचा पहिला हात मारला. तांबड्यावर निळा पट्टा उमटला. इतके दिवस ते तोंडानं खोटं बोलत होते, आता हातानं बोलायला लागले होते, आणि ते मला बघवेना. कुंच्याचा खसखस आवाज अंगणात ऐकू येत होता.

"थांब," मामाजी म्हणाले.

कुंचा थांबला.

"पुसून टाक ते. लोखंडाले चालत नाही."

ह्यांनी मान वर केली नाही. "चालते बाबा. सालोसाल तं..."

"नाही चालत. तू पोट्ट्याईले शिकवतं ना." मामाजी बाजेवर उठून बसले होते. त्यांचे पांढुरके डोळे बरोबर चासीच्या दिशेला होते. "माह्या हातानं लागलं ते लागलं. तुह्या हातानं नोको लागू देऊ."

ह्यांनी कुंचा गाडग्यात ठेवला. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"उचलली त्याच दिवशी," मामाजी म्हणाले. "म्या इचारलं कशी हाय, तं तू म्हनला चांगली हाय. अरे, तू जिंदगीत कोन्त्या गोष्टीले चांगली म्हनला?"

मिस्त्री हसले. सुखदेवकाकाही हसले, मीही हसले आणि पदर तोंडाशी धरला. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी अंगातला सदरा काढला आणि त्यानंच ते निळं पुसायला लागले, रंग गेला तरी पुसत राहिले. मामाजी तिकडे कान देऊन बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बस झालं. सुखदेव, उरलेलं ते निंबूच्या बुडाशी लाव."

दिवाळीनंतर मोटर नागपूरला गेली. दारं एका बोटानं लागत होती. डोळे उघडल्यावर मामाजी पुष्कळ वर्षं जगले, मोटरीत बसले, पण वाकून तिच्याखाली त्यांनी कधी पाहिलं नाही. आता ती गोठ्याजवळच्या पत्र्याखाली उभी आहे. वरची बाडी सडत चालली आहे. चासी ठणठणीत आहे.

परवा ह्यांचे हात धुऊन झाल्यावर मी विचारलं, बोर्डो उरलं का. उरलं होतं, आणि नेहमीच्या जागी लावून आले होते. विहिरीजवळच्या त्या लिंबूच्या झाडाला इतक्या वर्षांचं उरलेलं लागत आलं आहे. बाकीच्या झाडांचे बुंधे गुडघ्यापर्यंत निळे असतात, लिंबू फांद्यांपर्यंत निळं आहे. मी जेवायला वाढलं. ह्यांनाही आता भाजी कोणती आहे ते वासावरून ओळखावं लागतं, डोळ्यांचे डॉक्टर थंडीत या म्हणालेत. दोन घास खाऊन म्हणाले, "चांगली झाली."

मी पटकन जाऊन भाजी चाखून पाहिली. मीठ घालायचंच राहिलं होतं.